माफी मागायला येणारा शेजारी

शालोमकाका, तुमच्यासाठी मी फावडं उचलायचे ते शनिवारी. या खेपेला सोमवारी उचललं, तुम्हाला माती द्यायला. तुमच्या लेकीने, दिनाने, आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्यांदा फावडं उलटं धरायचं, म्हणजे माती थोडीच पडते आणि हे काम उरकायची आपल्याला घाई नाही हे दिसतं. मग ते पुढच्याच्या हातात द्यायचं नाही, मातीत खोचून ठेवायचं. ज्याला उचलायचं त्याने आपलं आपण उचलावं. मी उलटं धरलं. माती इतकी थोडी पडली की वाटलं, आता तुम्ही म्हणणार, 'मेघा, बर्फ काढताना तर एवढी कंजुषी करत नाहीस.'  आई माझ्या मागे वॉकर धरून उभी होती आणि तिचं नाक थंडीने लाल झालं होतं.

तुमचा जन्म कुठला, तुम्ही कॅनडात कधी आलात, हे सगळं दिना लिहील. तिला ते नीट जमेल. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण आपला एक वाद अर्धा राहिला होता. तो तुम्ही जिंकलात, आणि ते तुम्हाला कळलं नाही. तुम्ही जिंकलात याचं मला वाईट वाटत नाही, खरंच. कळलं नाही, याचं फार वाटतं.

नॉर्थ यॉर्कमधलं आमचं घर तुमच्या घराला एका भिंतीने जोडलेलं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान आणणाऱ्यांनी फ्रिजचं दार चेपवलं होतं आणि मी ड्राइव्ह-वेत उभी राहून त्यांचा उद्धार करत होते, मराठीत, म्हणजे कोणाला कळणार नाही अशा हिशेबाने. कुंपणापलीकडून आवाज आला, 'नागपूरकडच्या का?' बघते तर डोक्यावर किप्पा, ती ज्यूंची छोटी गोल टोपी, घातलेला एक म्हातारा, हातात ओल्या कचऱ्याचा ग्रीन बिन. मी विचारलं, 'तुम्ही मराठी कुठे शिकलात?' तुम्ही म्हणालात, 'आईच्या पोटात.' मग सांगितलंत, की तुम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव पाडलं, शनवार तेली. 'गावाने कधी का म्हणून विचारलं नाही,' तुम्ही म्हणालात. 'बंद म्हणजे बंद.'

तोच शनिवार, तुमचा शब्बाथ, तुम्ही इथेही पाळायचात. फोन नाही, गाडी नाही, गॅस नाही, फावडं नाही. आणि मला 'जरा बर्फ काढ' असं सांगायचंही नाही, तोसुद्धा नियम. आपल्याला जे करायचं नाही ते दुसऱ्याला सांगून करून घेऊ नये. पण आकाशाशी बोलायला तुम्हाला मनाई नव्हती. तुम्ही दारात उभे राहून ढगांना सांगायचात, 'आज बरंच पडलंय.' मी हसत हसत तुमच्या पायऱ्या शोव्हल करायचे. रविवारी सकाळी आम्ही उठायच्या आत आमचा ड्राइव्ह-वे साफ असायचा. याबद्दल आपण एकमेकांना कधी थँक्यूही म्हटलं नाही.

आपलं खरं नातं मात्र भांडणाचं. मी इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स बघते. कोण कुठे पडलं, कोणाचं काय मोडलं, चूक कोणाची, हेच दिवसभर. तुम्ही रिटायर होईपर्यंत वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल, आणि रात्रंदिवस डोक्यात तुमचं धर्मशास्त्र. उन्हाळ्यात मागच्या डेकवर बसलो की तुम्ही कठड्यावर हात आपटायचात. 'हा कोणी सांगितला? ऑन्टारिओच्या बिल्डिंग कोडने? त्याच्या कितीतरी आधी आमच्यात सांगितलंय, नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, नाहीतर पडणाऱ्याचं रक्त तुझ्या घरावर.' मी म्हणायची, 'काका, माणसं जगभर पडतात. कठडा करायचा तर देवाची आज्ञा आणायला सीनाय पर्वत कशाला चढायला पाहिजे?' मग तुम्ही बैल काढायचात, खड्डा काढायचात. रस्त्यात खड्डा खणून तो उघडा ठेवणारा कसा जबाबदार, शिंग मारण्याची खोड असलेल्या बैलाचा मालक कसा जास्त जबाबदार. मी म्हणायची, बैलाच्या जागी पिटबुल कुत्रा घाला, माझी कालचीच फाइल आहे. तुम्हाला तेवढंच हवं असायचं. 'बघ! फाइल तुझी, पण बैल आमचा.'

स्कॉटलंडमधल्या एका बाईच्या जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाली, ती जुनी केस इथे कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला शिकवतात. मीही शिकले होते. त्यात न्यायाधीशाने म्हटलंय की शेजाऱ्यावर प्रेम कर ही धर्माची आज्ञा कायद्यात आली की तिचा अर्थ होतो, शेजाऱ्याला इजा होऊ देऊ नको. आणि मग त्याने विचारलं, कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? निष्काळजीपणाचा अख्खा कायदा, माझी नोकरी धरून, त्या प्रश्नावर उभा आहे. तुम्ही म्हणायचात, 'तो न्यायाधीश हे चर्चमध्ये ऐकून आला असेल. चर्चने कोणाकडून घेतलं?' यावर मी चहा करायला उठायची. पण तुम्ही कधी ताणून धरलं नाहीत, हे कबूल करायला हवं. एकदा आपण होऊन म्हणालात, 'सगळी नदी आमची नाही गं. एक ओढा आमचा. पण आहे.'

तो शनिवार मागच्या फेब्रुवारीतला. मिल्टनला मैत्रिणीच्या बाळाचं बारसं होतं आणि बर्फ येणार म्हणून आम्ही आदल्या दिवशीच निघालो. आईला सर्दी, ती घरी राहिली. मार्चमध्ये तिचं नागपूरला परतायचं तिकीट होतं, बॅगा अर्ध्या भरून झाल्या होत्या. दुपारी तिने गोळाभात केला. तुमच्याकडे शनिवारी गॅस पेटत नाही हे तिला ठाऊक, म्हणून डबा घेऊन निघाली आणि तुमच्या पायऱ्यांवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

शनिवारी फोनला हात न लावणारे तुम्ही, तुम्ही त्या क्षणी 911 लावलं. जीव वाचवायचा तर शब्बाथ बाजूला, हेही तुमचंच शास्त्र. आईचा गाऊन गुडघ्याच्या वर गेला होता, समोरच्या घरातली माणसं दारात येऊन बघत होती, आणि तिला हलता येत नव्हतं. तुम्ही अंगातला कोट काढून तिच्या पायांवर घातलात आणि तोंड दुसरीकडे करून, नुसत्या स्वेटरवर, अँब्युलन्स येईपर्यंत तिच्याशेजारी बर्फात बसून राहिलात. हे आईने मला सांगितलं नाही. समोरच्या बाईने सांगितलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पण आईचा नागपूरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, जिन्याचं नाव काढू नका. मार्चचं तिकीट रद्द केलं, मग पुढचं काढलंच नाही.  आई एवढंच म्हणाली की अर्ध्या भरलेल्या बॅगा आता रिकाम्या करून टाक.

आणि तुम्ही काय केलंत? सोमवारी सकाळी आपल्याच होम इन्शुरन्सला फोन करून सांगितलंत, 'चूक माझी आहे.' काका, मी कपाळाला हात लावला. प्रत्येक पॉलिसीत लिहिलेलं असतं, आपण होऊन चूक कबूल करू नका. तुमचा क्लेम बघणारी अॅडजस्टर बिचारी दोनदा म्हणाली, 'सर, आर यू शुअर यू वाँट टू से दॅट?' तुम्ही तिलाही शास्त्र ऐकवलंत. शिक्षेचा प्रश्न असेल तर माणसाची स्वतःविरुद्धची कबुली तुमच्यात चालतच नाही, माणसाने स्वतःला गुन्हेगार ठरवू नये, आणि इथल्या गप्प राहण्याच्या हक्काच्या कितीतरी आधीपासून हे आहे. पण भरपाईचा प्रश्न असेल तर स्वतःची कबुली म्हणजे शंभर साक्षीदार. ती बाई बहुतेक अजून हे लोकांना सांगत असेल.

मी तुमची बाजू घ्यायला गेले. म्हटलं, 'शनिवार होता, तुम्ही बर्फ कसं काढणार?' त्यावर तुम्ही चिडलात. तेवढं चिडलेलं मी तुम्हाला त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. 'बर्फ वितळवायला मीठ तर टाकता आलं असतं,' म्हणालात. 'लोक पडतील तिथे मीठ टाकायला शब्बाथ आडवा येत नाही. मला माहीत होतं. पिशवी दारामागे होती. मी खुर्चीत वाचत बसलो, म्हटलं आपल्याकडे आज कोण येणार आहे! माझा आळस शब्बाथवर ढकलू नकोस.'

मग तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत. इजा करणाऱ्याने पाच गोष्टी भरून द्यायच्या असतात. नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेला वेळ, आणि लाज. 'पहिल्या चार तुझ्या कंपनीलाही माहीत आहेत, नावं वेगळी असतील. पाचवी कुठे आहे?' मी म्हटलं, आमच्या फॉर्मवर लाजेला रकाना नाही. तुम्ही म्हणालात, 'म्हणून मला यावं लागणार. आणि पाचही भरल्या तरी जिला लागलं तिची माफी मागितल्याशिवाय मी सुटत नाही. देवही मधे पडत नाही त्यात.'

माफीवरून आपलं केवढं वाजलं, आठवतं? मी सांगितलं की ऑन्टारिओत त्यासाठी कायदाच आहे, सॉरी म्हटलं म्हणजे चूक कबूल केली असं कोर्ट धरत नाही, खुशाल म्हणा. तुम्ही म्हणालात, 'ज्या सॉरीने काहीच अंगावर येत नाही ते कसलं सॉरी?' मी म्हटलं, निदान लोक म्हणतील तरी, आत्तापर्यंत घाबरून तोंड शिवून बसायचे. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, 'हेही बरोबर आहे.' तुमचं हे एक होतं. दुसऱ्याचं पटलं की तिथल्या तिथे सांगायचात. माझ्यात ते नाही. पण एक सांगते, त्या दिवसापासून मी क्लेमच्या फोनवर पहिला प्रश्न बदललाय. 'कुठे, कधी, कसं' नंतर विचारते. आधी विचारते, फार लागलंय का हो तुम्हाला? बरीच माणसं त्यावर खरं बोलतात. हे तुमच्यामुळे, आणि तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

पहिल्यांदा तुम्ही हॉस्पिटलात आलात. आई खुर्चीत बसली होती. तुम्ही समोर उभे राहून, हात बांधून म्हणालात, 'कुसुमताई, माझ्या निष्काळजीपणाने तुम्ही पडलात. मला माफ करा.' आई म्हणाली, 'अहो शालोमभाऊ, काय बोलून राहिले तुम्ही! पाय माझा घसरला, तुमची कसली चूक? बसा, संत्रं खा.'

दुसऱ्या वेळी, शास्त्राप्रमाणे, तुम्ही तुमच्या प्रार्थनास्थळातले तिघं बरोबर आणलेत. कोट घातलेली तीन माणसं आमच्या लिव्हिंग रूममध्ये रांगेत उभी. आईला वाटलं कोणी गेलंबिलं की काय. तुम्ही घ्यायचात, पण ते तिघं खाण्याचे नियम पाळून आमच्या भांड्यांत काही घेणार नाहीत म्हणून तिने मला केळी आणायला पिटाळलं. तुम्ही पुन्हा तेच विचारलंत, आई पुन्हा म्हणाली, 'चूक असेल तर माफी नं? चूकच नाही. केळी घ्या.' तिसऱ्यांदा तुमच्या मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी आलात, त्याच्या आत सगळ्यांची माफी मागून घ्यायची असते म्हणून. तेव्हा ती म्हणाली, 'झालं गेलं गंगेला मिळालं.' बाहेर पायऱ्यांवर तुम्ही मला म्हणालात, 'गंगेला मिळालं. मला नाही मिळालं.'

मी तुम्हाला समजावून समजावून थकले. काका, आमच्याकडे एक म्हातारी बाई शेजाऱ्याला 'मी तुम्हाला माफ केलं' म्हणत नाही. ते आगाऊपणाचं वाटतं. 'चूकच नव्हती' हीच आमची माफी. तुम्ही मान हलवत राहिलात. 'चूक नव्हती म्हणणं म्हणजे केस दाखलच करून न घेणं. कुसुमताई हुशार आहेत. त्यांनी दाखल करून घेतलेली नाही.' मी म्हटलं, 'माझ्या आईच्या मनात काही नाही, मला कळत नाही का?' तुम्ही म्हणालात, 'तू लेक आहेस. साक्षीदार नाहीस.' याचा मला राग आला होता. दोन दिवस मी तुमच्याशी नीट बोलले नाही.

खरं तर तीनदा मनापासून विचारून झालं की तुम्ही मोकळे, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. त्यापुढे दोष माफी न देणाऱ्याचा. मी तुम्हाला चिडवलंही, 'काका, कोटा संपला.' तुम्ही म्हणालात, 'कोर्टाचा संपला.' आणि येत राहिलात. दर गुरुवारी दुपारी. चहा घ्यायचात, आई तुम्हाला वऱ्हाडातल्या लग्नाच्या पंगती सांगायची, तुम्ही तिला कोकणातला मलिदा सांगायचात, पोहे, गूळ, खोबरं कालवून एलिया नबीच्या नावाने वाटायचा तो. मी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेली असायची, खालून दोघांचं हसणं ऐकू यायचं. उठताना दारात तुमचं ठरलेलं, 'मग, कुसुमताई?' आणि आईचं ठरलेलं, 'साखर कमी नव्हती नं?' मला वाटायचं, आता ही तुमची गंमत झालीय. बरं चाललंय की, असंच वाटायचं.

आणि या रविवारी पहाटे तुम्ही झोपेतच गेलात. गुरुवारी अगदी धडधाकट होतात, लाडू दोन खाल्लेत. सोमवारी तुम्हाला पोचवून आलोसुद्धा. तुमच्यात थांबत नाहीत हे माहीत होतं, पण एवढ्या लवकर नको होतं हो. मला कोणाशी भांडायला उरलेलं नाही. ऑफिसात जे माझ्याशी बोलतात ते सगळे नम्र आहेत, उपयोग नाही त्यांचा.

काल आई आपण होऊन म्हणाली, 'चल, दिनाकडे.' तुमच्या पायऱ्यांवर दिनाच्या नवऱ्याने मीठ टाकलं होतं. आम्ही एकेक पायरी चढलो. दिना खाली, छोट्या स्टुलावर बसली होती. मी आईला आधीच बजावलं होतं की सुतकात बसलेल्या माणसाने तोंड उघडल्याशिवाय आपण बोलायचं नाही, तुमच्याकडे तशी रीत आहे. आई, जिला बसस्टॉपवर अनोळखी माणसाशीसुद्धा गप्प राहता येत नाही, ती बसून राहिली. 

शेवटी दिना म्हणाली, तिच्या त्या अर्ध्या इंग्लिश मराठीत, 'मावशी, बाबा लास्ट कॉलवर पण म्हणाले, कुसुमताई अजून रागावल्यात. मी म्हटलं, नो बाबा, शी इज सो नाइस टू यू. ते म्हणाले, नाइस आहेत, पण रागावल्यात. इज इट ट्रू?'

मी म्हणणार होते, छे गं, काहीतरीच. तोंड उघडलंही होतं.

'होते,' आई म्हणाली.

दिना तिच्याकडे बघत राहिली. मीही.

'फार रागावले होते. घर गेलं नं माझं. कपाट तसंच आहे तिथं, साड्या तशाच आहेत, आता कोणीतरी उघडून वाटून टाकेल. आणि सगळ्या रस्त्यासमोर उघडी पडले होते मी. वरून हसत होते, केळी देत होते, पण आतून माफ केलं नव्हतं. तुझ्या बाबांना ते बरोब्बर समजलं. माझ्या पोरीला नाही समजलं.'

काका, मला मान वर करता आली नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी महिने एक माणूस रागावलेलं होतं, आणि ते भिंतीपलीकडच्या तुम्हाला दिसलं.

दिनाने हळूच विचारलं, 'अँड नाऊ? अजून आहे राग?'

'नाही गं. केव्हाच गेला. दिवाळीच्या आधीच गेला.'

'मग सांगितलं का नाही बाबांना?'

आईने वॉकरच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. ती लाजली होती, काका. माझी आई लाजलेली मी फार वेळा पाहिलेली नाही. 'आता काय सांगू तुला,' ती म्हणाली. 'जन्म गेला माझा. नवरा कधी चुकलो म्हणाला नाही, सासू नाही, भाऊ नाही. पोरगी तर नाहीच नाही. हा एक माणूस दर गुरुवारी येऊन मला विचारायचा. एकदा हो म्हणून टाकलं असतं, तर काहून आले असते ते?'

 मग आईने पदर नीट केला, दिनाच्या डोक्यावरून पलीकडे, तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि ते वाक्य म्हटलं. अगदी तुम्हाला हवं होतं तसं, न वळवता, न हसता. 'शालोमभाऊ, मी तुम्हाला माफ केलं.'

दिना रडायला लागली. मीही. आई रडली नाही. ती मला म्हणाली, 'उद्या गुरुवार. आता कोण येईल?'